नाव घेऊन टोचायचं

पुरुषांच्या वॉर्डात मावशींना एकतीस वर्षं झाली होती. शाळा दुसरीतच सुटली. तोंड त्याच्याही आधी सुटलं होतं. चादरी बदलायच्या, भांडी द्यायची, म्हाताऱ्यांना कुशीवर वळवायचं, ही त्यांची कामं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना वळण लावणं हे अंगावर घेतलेलं काम.

त्याच वॉर्डात त्यांची धाकटी सून नर्स म्हणून लागली. घरी 'अगं', वॉर्डात 'सिस्टर'. यात मावशींनी कधी गल्लत केली नाही. पोरीचा हात असा हलका, की सुई बाहेर आल्यावर पेशंट विचारायचा, "कधी टोचताय?" फक्त औषधांची नावं ती आपल्या तऱ्हेने घ्यायची. लघवीच्या इंजेक्शनला मोठ्या सिस्टर 'फ्रुसेमाइड' म्हणत, नवे डॉक्टर 'फ्युरोसेमाइड', आणि ही 'फुर्सेमाईड'. एकदा त्या नव्या डॉक्टरांनी राउंडला तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलं. सगळे हसले. मावशीही हसल्या. तेवढ्यावर थांबल्या असत्या तर मावशी कसल्या? संध्याकाळी जेवताना घरच्यांसमोर नक्कल करून दाखवली. सून खाली मान घालून वाढत राहिली.

त्या दिवसापासून तिने औषधांची नावं घेणंच टाकलं. वॉर्डाची रीत अशी, की टोचण्याआधी एकीने कुपीवरचं नाव मोठ्याने वाचायचं आणि दुसरीने ते पेशंटच्या कागदाशी ताडून पाहायचं. सून आता न बोलता कुपी मोठ्या सिस्टरांसमोर धरायची. त्या "हं" म्हणायच्या. रीत पाळल्यासारखी दिसायची, पाळली जायची नाही.

त्या दुपारी सात नंबरचे शिंपीकाका ओकून ओकून गळून गेले होते. मावशी त्यांच्या हनुवटीखाली भांडं धरून उभ्या. सुनेने ट्रेमधून तपकिरी कुपी उचलली आणि मोठ्या सिस्टरांसमोर धरली. त्या फोनवर रक्ताच्या बाटलीसाठी कुणाशी तरी भांडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "हं."

सुनेने औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं.

"काय देतेस गं बाई?" शिंपीकाकांनी विचारलं.

"उलटीचं, काका."

मावशींच्या कपाळाला आठी पडली. हल्ली हिच्या तोंडून 'तापाचं', 'लघवीचं', 'उलटीचं' एवढंच ऐकू यायचं. शिकून नर्स झालेली पोर आपल्यासारखी अडाण्याची भाषा बोलते, आणि बोलायला लावली कुणी?

"सिस्टर, नाव घ्या."

"आई, राहू दे." घाबरून ती वॉर्डात चक्क आई म्हणाली.

"नाव घेतल्याशिवाय सुई पुढे जायची नाही. मी आडवी पडेन."

"तुम्हीही हसला होतात."

"हसले. आणि घरी जाऊन नक्कलही केली. अक्कल गहाण पडली होती माझी. आता वाच."

सुनेने रिकामी कुपी उजेडाकडे धरली. "अड्रिनलीन..." आणि सिरिंज धरलेला हात तिने मागे घेतला.

मोठ्या सिस्टरांनी फोन तसाच टेबलावर टाकला. हृदय बंद पडलं तर द्यायचं ते औषध ट्रेमधल्या उलटीच्या औषधाच्या कप्प्यात जाऊन बसलं होतं. काच सारखीच तपकिरी. त्यांनी सिरिंज काढून घेतली, दुसरी कुपी आणली, स्वतः नाव वाचलं, सुनेकडून वाचून घेतलं, मग टोचायला लावलं.

सून म्हणाली, "माझी नोकरी जाईल."

"न बघता 'हं' मी म्हटलं," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "चुका नोंदवायच्या वहीत दोघींची नावं लिहिते. माझं आधी."

तेवढ्यात नवे डॉक्टर आले. सगळं ऐकून गंभीर झाले, पण सवय जाते कुठे? "बाय द वे, अ‍ॅड्रेनॅलिन म्हणतात त्याला."

मावशींनी भांडं खाली ठेवलं. "डॉक्टर, तुम्ही कसंही म्हणा. तिने तिच्या तऱ्हेने म्हटलं म्हणून काका अजून ओकतायत. नाहीतर ओकायलाही उरले नसते."

डॉक्टरांचे कान लाल झाले. शिंपीकाका क्षीण आवाजात म्हणाले, "मला कुणी काही सांगेल का?" सुनेने त्यांना सगळं खरं सांगितलं, माफी मागितली.

चार वाजता तीन नंबरला लघवीचं इंजेक्शन होतं. सून कुपी घेऊन उभी राहिली. मावशी दोन पलंग सोडून चादर खोचत होत्या. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"फुर्सेमाईड," सून म्हणाली. आवाज दारापर्यंत गेला. "वीस मिलिग्रॅम. बेड नंबर तीन."

"फ्रुसेमाइड, वीस, तीन," मोठ्या सिस्टर कागदावर बोट ठेवून म्हणाल्या. "बरोबर. द्या."