डाव्या हाताचा माउस

"डावीकडे बघ, आर्डिथ. डावीकडे," तिचा नवरा लाइल हेडफोनातून कानात सांगत होता, आणि आर्डिथची गेममधली तिरंदाज बाई पडद्यावर भिंतीकडे तोंड करून उभी होती. माउस जरा हलवला की ती गर्रकन फिरायची, जपून हलवला की जागची हलायची नाही. तेवढ्यात लांडग्यानं तिला गाठून मारलंच.

"ये परत. मी थांबतो," लाइल म्हणाला.

तो उत्तर ओंटारिओत हायवेवरच्या थांब्यावर, ट्रकच्या केबिनमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. ती ब्रँडनमध्ये, घरी, जेवणाच्या टेबलापाशी. रविवारची दुपार, खिडकीच्या कठड्यापर्यंत बर्फ. लाइल रस्त्यावर असला की त्यांचं फोनवरचं बोलणं पूर्वी दोन मिनिटांत आटपायचं. काय खाल्लंस, कुठवर पोचलास, बास. मग त्याला कुणा ड्रायव्हरनं हा गेम शिकवला, त्यानं तो आर्डिथच्या गळ्यात मारला, आणि दोघं जंगलं तुडवता तुडवता घराच्या गळक्या छपराबद्दल, त्याच्या आईच्या हट्टाबद्दल तासन्‌तास बोलू लागली. तेव्हा नेम आर्डिथचा. लाइल नुसताच ढाल घेऊन पुढं घुसायचा आणि ती त्याला वाचवायची.

शाळांच्या बसगाड्या कुठून कुठं धाडायच्या हे ठरवणाऱ्या ऑफिसात ती नोकरीला होती. तिथला माउस हाताला बसेना म्हणून तिनं स्वतःचा घेतला होता, काळा, बिनवायरचा. दिवसा त्याच माउसनं नकाशावर बसगाड्या सरकवायच्या, संध्याकाळी बाण सोडायचे. जाता-येता तो पर्समध्ये, चष्म्याच्या डबीशेजारी.

ऑक्टोबरात सूप ढवळताना तिच्या हातातून पळी पडली आणि पाठोपाठ ती. अर्धांगाचा झटका होता; शेजारीण मागच्या दारानं आली म्हणून निभावलं. बोलणं परत आलं, पायही बराचसा आला. उजवा हात मात्र आला नाही.

व्यायाम शिकवणारी बाई चांगली होती, पण मातीचे गोळे दाबायला आणि खुंट्या भोकांत बसवायला लावायची. आर्डिथला बालवाडीत बसल्यासारखं वाटे. एक दिवस तिनं पर्समधून माउस काढला आणि डाव्या हातानं हा चालेल का, असं विचारलं. बाई म्हणाली, चालेल की. नशिबानं माउस दोन्ही बाजूंनी सारखाच होता. बटणांची अदलाबदल केली तरी पहिले कितीतरी दिवस चुकीचंच दाबलं जायचं. विजेचं बिल उघडायला जावं आणि खिडकीच बंद व्हावी. बॅटरी संपली तेव्हा माउस पोटाशी दाबून धरून तिनं झाकण एकटीनं उघडलं. त्या दिवशी आरशासमोर तिनं केसही नीट विंचरले.

लांडग्यानं गाठलं त्याच्या पुढच्या रविवारपासून मात्र गेम सोपा होऊ लागला. खिंडीत लांडगे नाहीत, पुलावर दरोडेखोर नाहीत. आर्डिथ खुशीत होती. मग एकदा ती ठरल्या वेळेआधी गेममध्ये शिरली आणि पाहते तर लाइल खिंडीत एकटाच लांडगे मारत होता.

"दर वेळी करतोस हे?" तिनं विचारलं.

त्यानं आधी थट्टेवारी नेलं, मग कबूल केलं.

"घरी असलास की मांस तू कापून देतोस, बूट तू बांधतोस. देतोस ते बरंच आहे, मी नको म्हणत नाही. पण इथं मला मरू दे, लाइल. मी चुकून मरेन, पण माझी मी मरेन."

हेडफोनातली घरघर थांबली; त्यानं ट्रकचा हीटर बंद केला होता.

"तू पडलीस तेव्हा मी हजार मैलांवर होतो," तो म्हणाला. "इथं तरी तुझ्याआधी पोचता येतं."

तिनं त्याला गेममध्ये शेकोटी पेटवायला सांगितलं, आणि दोघं त्या खोट्या शेकोटीपाशी बसून राहिली, काही न मारता.

पुढच्या रविवारी लांडगे सगळे जागेवर होते. ती मेली. परत आली, परत मेली. फेब्रुवारीअखेर एकदा लाइलच्या पाठीवर झेपावलेला लांडगा तिनं हवेतच टिपला. लाइल मागं न बघता ढाल घेऊन पुढं घुसला.

मार्चमध्ये ऑफिसातल्या साहेबांनी तिला स्वागतकक्षात बसायला सुचवलं. काम हलकं, लोकही येत-जात राहतील. तिनं आधी आठवडाभर जुनं काम करून बघू द्या म्हणून सांगितलं. पहिल्या सकाळी रस्त्यांवर काचेसारखा बर्फ होता. एक बस खड्ड्यात रुतली, तिच्यातली मुलं दुसऱ्या दोन बसगाड्यांत वाटायची होती. नकाशावरची बसच्या मार्गाची रेघ आर्डिथच्या हातून दोनदा निसटली.

"जरा वेळ लागेल, मेव्हिस," ती वायरलेसवर म्हणाली.

"लागू दे गं," रुतलेली बस चालवणारी मेव्हिस म्हणाली. "पोरं गाणी म्हणतायत. तुझाच आवाज आहे ना, मग झालं तर."

तिसऱ्या खेपेला रेघ बसली. मुलं शाळेत उशिरा पोचली, पण सगळी पोचली.

दुसऱ्या दिवशी ती ऑफिसात आली तर टेबलाच्या डाव्या कडेला वर्षानुवर्षं साचलेला फायलींचा ढीग कुणीतरी उचलून कपाटावर ठेवला होता. जागा पुसलेली होती, ओल अजून वाळली नव्हती. तिनं आजूबाजूला पाहिलं. जो तो आपल्या कामात होता. आर्डिथनं कोट काढला, एका हातानं, सावकाश, माउस त्या मोकळ्या जागी ठेवला आणि खुर्ची टेबलाजवळ ओढली.