पोटाखालचा पत्रा

मित्रांनो, छोटा लाल ट्रॅक्टर दिसला की तुम्ही त्याच्या सीटवर चढता, हॉर्न वाजवून बघता. खाली वाकून कुणी बघत नाही, म्हणून आपली ओळख झालेली नाही. मी एक जुना लोखंडी पत्रा आहे. कर्जतजवळच्या एका गावात, भागूबाईंच्या ट्रॅक्टरच्या पोटाखाली माझा मुक्काम असतो.

पूर्वी मी एका ट्रकच्या मागचा, उघडझाप होणारा फाळका होतो. ट्रक भंगारात गेला आणि मी चौक गावातल्या एका गॅरेजमागे गंजत पडलो. त्याच सुमारास भागूबाईंची लेक नम्रता माळावरून ट्रॅक्टर आणत होती. गवतात ऐनाच्या झाडाचा तोडलेला खुंट लपला होता. त्याने इंजिनाखालचा ऑइल फिल्टर फोडला आणि भातलावणीसाठी चिखल करायच्या दिवसांत, भर चिखलणीत ट्रॅक्टर उभा राहिला.

ट्रॅक्टर दुरुस्त करताना, पुन्हा असं होऊ नये म्हणून गॅरेजवाल्या रोहिदासने मला कापलं, वाकवलं, वारा खेळावा म्हणून भोकं पाडली आणि बोल्ट आवळून इंजिनाखाली बसवलं. "ताई, ह्याच्यात पाला साचतो. अधनंमधनं काढत जा," तो म्हणाला. नम्रताने मान हलवली. मान हलवायला काय लागतं!

त्यानंतर मी किती दगड, किती खुंट अंगावर घेतले! खालून ठण्ण आवाज आला की भागूबाई म्हणायच्या, "पत्रा हाय म्हून वाचलो गं!" मला फार बरं वाटायचं. पण कौतुकापुढे कुणी गेलं नाही. उलट पत्रा आहे ना, म्हणून नम्रता वाट्टेल तिथून ट्रॅक्टर घालू लागली. माझ्या आणि इंजिनाच्या मध्ये गवत आणि पाला साचत गेला.

आमच्याकडे भाताचं बी पेरण्याआधी त्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळतात. त्याला राब भाजणं म्हणतात. यंदा राब भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी नम्रता जवळची वाट म्हणून त्यावरूनच निघाली. वरची राख गार होती, खालचे निखारे मात्र जिवंत होते. चाकांनी ते उडवले आणि एक माझ्या भोकातून आत आला. वाळलेला पाला तो, त्याला पेटायला किती वेळ लागणार? धूर थेट नम्रताच्या पायांशी आला. जिच्या ट्रॅक्टरची राखण करायला मला बसवलं, तिलाच माझ्यामुळे भाजणार होतं. मला ओरडता आलं असतं तर!

"उतर गं, आदी उतर!" भागूबाई धावत आल्या. नम्रताने इंजिन बंद करून उडी मारली. दोघींनी ओंजळींनी माती फेकली, शेतावर आणलेला पाण्याचा हंडा रिकामा केला. आग डिझेलच्या नळीपर्यंत पोचायच्या आत विझली. भागूबाईंचे हात तेवढे भाजले.

"काडून टाक तो पत्रा! जिवावर उठलाय," त्या म्हणाल्या.

नम्रता जमिनीवर उताणी पडून माझ्याकडे बघत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"आये, त्याला कशाला बोलतेस? आपण कदी खाली बगितलं का?"

तिने बोल्ट सोडले, जळका पाला खरवडला, मला धुतलं आणि पुन्हा जागेवर बसवलं. आता चावी फिरवण्याआधी ती खाली हात घालून चाचपते. त्या हाताचं मला कौतुकापेक्षा जास्त अप्रूप वाटतं.

मित्रांनो, तुमच्यासाठीही कुणीतरी असेच घाव झेलत असेल. त्याला शाबासकी सावकाश द्या. आधी त्याच्यावर काय साचलंय ते बघा.