दुसऱ्या खिडकीला कोणी सांगितलंच नाही

“हे डबडं भंगारात टाक आणि सोमवारी माझ्यासोबत कंपनीच्या गेटवर ये,” कमळाकर बोलला.

“आन बालाच्या घरी कोन जानार? तुजा बाप?” सखूआजीने मोरीतून कमलेशला विचारलं.

त्याचा बाप समोरच उभा होता, तो कमळाकर. पण आजीला त्याचं काही नव्हतं.

डबडं म्हणजे मी. मी एक जुना लॅपटॉप आहे, मित्रांनो. मला राग लवकर येतो, पंखा लगेच घुर्र करतो. पण ह्या भांडणात मी कोणाच्याच बाजूने नव्हतो. मी टेबलावर होतो, चार्जर लावलेला, आणि भांडण माझ्या डोक्यावरून इकडून तिकडे चाललं होतं.

मी कुठल्या कारखान्यात बनलो ते आठवत नाही. पहिली आठवते ती बदलापूरच्या एका शाळेतली कॉम्प्युटर रूम. पोरं चपला बाहेर काढून आत यायची. एका मशीनला तिघं. एक टाइप करणार, एक माऊस धरणार, आणि तिसरा नुसता मागून बोलणार, अरे ते नाय, ते बाजूचं. दसऱ्याला माझ्यावर झेंडूची माळ यायची, झाकणावर हळदकुंकू. पाहुणे आले की मलाच पुढे ठेवायचे, कारण तेव्हा माझी स्क्रीन सगळ्यात भारी होती. लोक मान हलवायचे. मला आवडायचं ते, खोटं कशाला बोलू.

मग नवीन मशीन आल्या. आम्हाला जिन्याखाली ठेवलं, एकावर एक. माझ्या डोक्यावर कोणीतरी तुटका बाक ठेवला आणि माझी बिजागरी गेली. आता पाहुणे आले की जिन्याला पडदा लावायचे.

तिथून मी उल्हासनगरच्या भंगारवाल्याकडे. तिथे मला कमलेशने बघितलं. घरचा कॅरम देऊन तो मला त्याच्या गावी, पालेगावला, घेऊन आला. सगळं पालेगाव हसलं. तो दहावीतून शाळेबाहेर, मी त्याच्याही आधी शाळेबाहेर, म्हणून आमचं जमलं असेल. त्याने दात घासायच्या ब्रशने माझ्या बटणांतली घाण काढली. त्यात जुन्या दसऱ्याची हळद पण निघाली. बिजागरीला रबर बांधलं. बॅटरी मात्र मेलेली होती, ती मेलेलीच राहिली. वायर काढली की मी जागच्या जागी बंद. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता भांडण कशाचं ते ऐका. भांडणं दोन होती.

पहिलं माझ्यावरून. कमळाकर अंबरनाथच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत आहे. शुक्रवारी सुट्टी, म्हणून आज घरी. कमलेशला अठरा पूर्ण झाले तसं त्याने साहेबाशी बोलून पोराला चिकटवायचं ठरवलं. ड्रमवर स्टिकर लावायचं काम. कमलेश एकदा बापाचा डबा द्यायला आत गेला होता. तिथल्या माणसांचे डोळे त्याने बघितले, लाल. तेव्हापासून तो ड्रमचं नाव काढलं की उठून जातो.

त्याच्याकडे दुसरं एकच काम होतं. उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात टेकचंद सेठ जीन्स बनवतात आणि ऑनलाइन विकतात. त्यांना रोज बघायचं होतं की आपली जीन्स वेगवेगळ्या शहरांत कशी दिसते, मिळते का, किती दिवसांत मिळते. हे रोज हाताने कोण बघणार? कमलेश बोलला, एजंट बघेल. सेठ बोलले, शुक्रवारी करून दाखव, तर महिन्याचं काम तुझं.

आमच्याकडे एजंट म्हटलं की रूम दाखवणारा माणूस. हा तसला नाही. हा एआयवाला, प्रोग्रॅम आहे. त्याला साध्या भाषेत सांगायचं, हे बघून ये, आणि तो बघून येतो. पण पालेगावातून विचारलं तर वेबसाइट पालेगावचंच उत्तर देते. कोलकात्याचं उत्तर पाहिजे तर कोलकात्यातून विचारायला लागतं. त्यासाठी प्रॉक्सी. म्हणजे आपला प्रश्न त्या गावातल्या दुसऱ्या मशीनच्या तोंडून विचारायचा. अशी मशीन देणारी सर्व्हिस असते. सेठनी तिथे खातं काढून त्याची चावी कमलेशला दिली होती. ही चावी म्हणजे नुसता लांबलचक पासवर्ड.

त्या सर्व्हिसचं एक टूल येतं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळी खिडकी उघडायची आणि हुकूम टाइप करायचा. कमलेशने काल टाइप केलं. टूलने चावी मागितली, शहर विचारलं, आणि सांगितलं, जोडलं. त्याने तिथेच तपासलं, मी आता कुठून बोलतोय? मी उत्तर दिलं, कोलकाता. तो खुर्चीवरून उडाला. मग बाजूला दुसरी काळी खिडकी उघडली आणि तिथे एजंटला चालू केलं.

एजंट गेला, आला, बोलला, कोलकात्याला माल उद्या पोचेल. नागपूरला उद्या. दिल्लीला उद्या.

कमलेशने खुशीत सेठना पाठवलं. सेठचा लगेच फोन. सेठ सिंधी, सगळ्यांना साईं म्हणतात.

“साईं, कोलकात्याला उद्या? माझा माल घाटापलीकडे उद्या पोचत नाय. तू विमान घेतलास काय?”

मागे कामगार हसत होते, फोनमधून ऐकू आलं.

काल दुपारपासून आतापर्यंत कमलेशने काय काय नाही केलं. चावी परत टाकली. टूल काढून परत बसवलं. एजंटला शिव्या दिल्या. मला दोन थपडा मारल्या. मला माहीत होतं कुठे अडलंय. पण मी सांगणार कसं? मला जे विचारतात तेवढंच मी सांगतो. त्याने पहिल्या खिडकीत विचारलं, मी कोलकाता सांगितलं. दुसऱ्या खिडकीत हा प्रश्न त्याने टाकलाच नाही.

आता दुसरं भांडण. पुढच्या आठवड्यात कमलेशच्या बहिणीचं, रिद्धीचं लग्न. भावकीत हळदीचं आवतण द्यायचं काम कमलेशकडे. गावात त्याचे दोन चुलतकाका एकाच घरात राहतात, अनंताकाका पुढे, बाळकाका, म्हणजे आजीचा बाला, मागे. जमीन बिल्डरला गेली तेव्हाच दोघे वेगळे झाले. छप्पर एक, चुली दोन. कमलेश घाईत होता, एजंट डोक्यात होता. पुढच्या ओट्यावर अनंताकाकाला सांगून तो पळत आला. सकाळी मागच्या दाराचा निरोप आला की आम्ही काही हळदीला येत नाही.

“घर एक हाय, पन चुली दोन हान ना?” आजी पदराला हात पुसत बाहेर आली. “मंग आवतान बी दोन.”

“आई, ते राहू दे,” कमळाकर बोलला. “आधी ह्याचं सोमवारचं बोल.”

कमलेशचं डोकं फिरलं. तो दोघांवर एकदम ओरडला. हात बटणांवरच होते.

“अगं, अनंताकाकाला सांगितलं ना मी! एकाला सांगितलं की दुसऱ्याला कळणारच. बाजूबाजूलाच तर आहेत!”

बोलता बोलता त्याने खाली बघितलं.

तो माझ्याकडे बघत होता. माझ्यावर दोन काळ्या खिडक्या, बाजूबाजूला. एकीला प्रॉक्सी सांगितलेली. दुसरीत एजंट बसलेला.

आजीला वाटलं तिचं बोलणं लागलं. ती खूश होऊन चहा टाकायला गेली.

कमलेशने दुसऱ्या खिडकीत विचारलं, मी कुठून बोलतोय? मी सांगितलं, मुंबईच्या लाइनवरून. कालपासून एजंट थेट आपल्या घरच्याच नेटवरून जात होता आणि इथलंच उत्तर आणत होता. कमलेशने तोच हुकूम ह्या खिडकीत टाकला. परत विचारलं. कोलकाता.

एजंट गेला. वेळ लागला, लांबून जायचं होतं, आणि दर वेळी कमलेश हुकुमातलं शहर बदलत होता. परत आला तेव्हा बोलला, कोलकात्याच्या ह्या पिनकोडवर माल मिळत नाही. नागपूरला सहा दिवस. दिल्लीला पाच.

कमलेशने फोटो काढून सेठना पाठवला. ह्या वेळी फोन यायला वेळ लागला आणि मागे कोणी हसत नव्हतं.

“मिळतच नाय लिहिलंय?” सेठचा आवाज बारीक झाला होता. “म्हणून तिथून ऑर्डर बंद आहे. आणि मी कारीगरला शिव्या देतोय, कटिंग खराब, कटिंग खराब. साईं, आत्ता ये. ते मशीन घेऊन ये. माझ्यासमोर चालव, मग तुझं काम पक्कं.”

कमळाकर सगळं ऐकत होता.

कमलेश उठला आणि वायर काढायला वाकला. मित्रांनो, तेव्हा माझ्या पंख्याने काय आवाज केला म्हणून सांगू. खिडकीत तोंडी सांगितलेलं खिडकी मिटली की जातं. वायर निघाली असती तर दोन्ही खिडक्या गेल्या असत्या, आणि सेठच्या टेबलावर मी परत पालेगावचा झालो असतो.

तो वाकलेलाच थांबला. परत बसला. हुकूम एका फाइलमध्ये लिहिला, म्हणजे आता कुठलीही खिडकी उघडताना आधी मी तो वाचणार. एक नवीन खिडकी उघडून बघितलं पण. कोलकाता. हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून सांगतो, मित्रांनो. जुन्या मशीनला डबडं बोला, मला आता सवय आहे. पण धूळ काढा, डोक्यावर बाक ठेवू नका. आणि ज्याला सांगायचंय त्याला जाऊन सांगा, बाजूच्याला सांगून पळू नका.

कमळाकर आत गेला आणि त्याची कंपनीची बॅग घेऊन आला, दिवाळीला मिळालेली, डबा नेतो ती. त्याने डबा बाहेर काढला, बॅग आतून फडक्याने पुसली.

“ह्यात घाल. रबर सांभाळ,” तो बोलला. “आणि जाताना आधी बाळकडे जा. दारातून सांगू नको. आत बस, पाणी पी, मग सांग.”

“आणि सोमवार?” कमलेशने विचारलं.

“सोमवारी मी एकटा जातो.”

अजून खूप सांगायचं होतं. पण वायरला हात लागलाय. मला आता निघायला लाग