मागची सीट

सकाळी साडेपाचला तिने दोन्ही चाकं अंगठ्याने दाबून पाहिली, मागच्यात थोडी हवा भरली, साखळीवर तेलाचे चार थेंब सोडले आणि जादाचं तेल जुन्या बनियनच्या तुकड्याने टिपून घेतलं. पाण्याच्या बाटल्या दोन, पंक्चरचं साहित्य, वही, वहीला सुतळीने बांधलेली पेन्सिल. नवरा पायऱ्या उतरून आला, हल्ली उतरायचा तसा, एका अंगाने, कठड्याला धरून. तो खाली पोचेपर्यंत ती साखळीकडेच बघत राहिली. मग चार नंबरच्या मार्गाचा नकाशा तिने घडी घालून त्याच्या सदऱ्याच्या पाठीवर शिवलेल्या पारदर्शक खिशात सरकवला. खिसा तिनेच शिवलेला होता. बावीस वर्षांत असे सहा सदरे झाले होते.

त्यांची जोडसायकल होती: दोन सीट, दोघांची पायडलं एकाच साखळीने जोडलेली. पुढच्याने हँडल, ब्रेक आणि गिअर सांभाळायचे. मागच्याने नकाशा वाचायचा, नोंदी घ्यायच्या आणि पाय मारायचे. पाय अर्थात दोघांनीही मारायचे. पुढे तो बसे, मागे ती. सायकल मंडळातले लोक तिला कौतुकाने ‘मागच्या वहिनी’ म्हणत.

तो हाडाचा मोजणीदार. नोकरीत असतानाच त्याने किनाऱ्यालगतच्या सपाट मुलखातले सायकलचे रस्ते मोजून काढायचा नाद लावून घेतला होता, आणि मंडळ त्याची मार्गदर्शिका छापत होतं. सतरा मार्ग. प्रत्येकाखाली अंतर, वळणं, पाण्याची सोय आणि शेवटी एक शब्द: सोपा, मध्यम किंवा अवघड. त्या एका शब्दावर माणसं घराबाहेर पडतात, असं तो म्हणे. आता सहावी आवृत्ती निघायची होती आणि गेल्या आठवड्यात मंडळाकडे एका वाचकाचं पत्र आलं होतं. ‘तुमचा चार नंबरचा सोपा मार्ग आमच्या जिवावर बेतला. शेवटी पत्नीला आणि सायकलींना टेम्पोत घालून घरी आणावं लागलं.’

चिटणिसांनी फोन तिलाच केला होता.

“वहिनी, साहेबांच्या जरा कानावर घाला. माझ्याने नाही होणार. माझ्याच हाताखाली शिकलात, असं ऐकवतील.”

“तुम्ही शिकलाच आहात त्यांच्या हाताखाली.”

“म्हणूनच तर!”

तिने कानावर घातलं. नाकाचा शेंडा लाल करून तो दोन दिवस घरात वावरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, “चला. पुन्हा जाऊन बघू. लोकांना पाय हलवायची सवयच राहिलेली नाही.”

गावाबाहेर पडून ते बांधावर आले. एका बाजूला खाडीचं पाणी, दुसऱ्या बाजूला मिठागरांचे चौकोन. रस्ता सुतासारखा सरळ. चढ नावालाही नाही.

“झडपेपासून पुढे खडी,” ती म्हणाली. “दीड किलोमीटर.”

“माहीत आहे.”

भरतीचं पाणी अडवणाऱ्या झडपेपाशी झडपवाला आपल्या खोपटाबाहेर दात घासत उभा होता. त्याने तोंडातला फेस थुंकून हात वर केला.

“काय मागच्या वहिनी, ओढताय की बसून चाललाय?”

“बसूनच!” ती ओरडली आणि तेवढ्यानेच तिला धाप लागली.

खडीवर सायकल जड झाली. तिच्या पोटऱ्यांत गोळे येऊ लागले. नवरा मात्र बोलत होता. या बांधाची पहिली मोजणी त्याने कशी केली, मोजणीची साखळी धरायला कोण होतं, दुपारी सगळ्यांच्या चपला चिखलात कशा गेल्या. गोष्ट तिच्या पाठ होती. पण आज ती ऐकताना तिला वाटलं, हा माणूस पूर्वी या टप्प्यावर तोंडातून ब्र काढत नसे. घामाने सदरा पाठीला चिकटे आणि खिशातला नकाशा आतून धुरकट होई. तिने समोर पाहिलं. नकाशा स्वच्छ दिसत होता. सदरा कोरडा होता.

“बघ,” तो म्हणाला, “काय अवघड आहे यात? सांग ना.”

ती धापा टाकत पाय मारत राहिली.

मग तिने असं काही केलं, जे बावीस वर्षांत केलं नव्हतं. पाय पायडलांवर तसेच ठेवले, फिरू दिले, पण जोर काढून घेतला. एक विजेचा खांब गेला. दुसरा येईपर्यंत सायकल इतकी मंदावली की हँडल डगमगायला लागलं.

“वारा फिरला वाटतं,” तो म्हणाला.

तिने मान वळवून पाहिलं. झडपवाल्याच्या खोपटापुढे वाळत घातलेला पंचा सरळ खाली लोंबत होता.

“हो,” ती म्हणाली आणि पुन्हा पाय मारू लागली.

त्याला माहीत नव्हतं, याची तिला जवळजवळ खात्री होती. त्याचे पाय फिरतच होते. ते कोण फिरवतंय, हे पायांना कसं कळावं?

दुपारी तो आडवा झाल्यावर तिने कपाटातून जुन्या आवृत्त्या काढल्या. पहिल्या आवृत्तीत चार नंबरपुढे ‘अवघड’ होतं. तिसरीत ‘मध्यम’. पाचवीत ‘सोपा’. खडी तीच होती, अंतरही तेच, अडतीस किलोमीटर. प्रत्येक वेळी त्याने सांगितलं होतं आणि तिने लिहिलं होतं. ‘आता सवय झाली आपल्याला,’ असं तो म्हणाला होता, आणि तिलाही ते खरं वाटलं होतं. थकवा आपल्या वयाचा, असंच ती धरून चालली होती.

चिटणिसांना सोमवारी कागद हवे होते. शब्द तिला गुपचूप बदलता आला असता. टाइप तीच करत होती. पण छापून आल्यावर तो पहिल्यांदा तेच पान उघडेल. आणि सरळ सांगायचं, तर काय सांगायचं? तो ऐकून घेईल, मान डोलवेल आणि सायकल पुसून, झाकून ठेवून देईल. कायमची. निवृत्तीनंतर कार्यालयात परत पाऊल टाकलं नव्हतं, तसं.

आतून त्याच्या घोरण्याचा आवाज येत होता. तिने आवृत्त्या परत जागेवर लावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने चाकं दाबून पाहिली, तेल सोडलं, बाटल्या भरल्या. मग दहाचा पाना घेतला, पुढची सीट चार बोटं खाली केली आणि मागची तेवढीच वर. तो एका अंगाने पायऱ्या उतरून आला आणि उभा राहिला.

“हे काय?”

“मी पुढे बसते आज. नोंदी तुम्हीच घ्या. माझं अक्षर आता मलाच लागत नाही.”

“मला बावीस वर्षं लागतंय ते.”

“मग एक दिवस सुट्टी घ्या.”

तो सीटकडे बघत राहिला. पुढच्या हँडलवरून त्याने एकदा हात फिरवला. तिला वाटलं, आता हा आत जाणार. पण त्याने सदरा काढला आणि तिच्या पुढे धरला.

“खिसा यालाच आहे,” तो म्हणाला. “मी नकाशा कुठे बघू?”

तिने तो आपल्या कपड्यांवरून चढवला. त्याने नकाशा तिच्या पाठीवरच्या खिशात घातला आणि एक कोपरा दुमडला होता तो नीट केला.

बांधावर आल्याबरोबर वारा थेट तिच्या छातीवर आला. तो असा येतो हे तिला ठाऊकच नव्हतं. इतकी वर्षं तो नवऱ्याने आपल्या अंगावर घेतला होता. ती हँडलवर वाकली.

झडपवाल्याचा हात वर जाता जाता अर्ध्यावरच थांबला.

“अहो, आज पुढच्या वहिनी?”

“आज मी मागच्या सीटवरचा साहेब आहे!” मागून नवरा ओरडला. आवाजात हसू होतं.

खडी लागली. ती दात आवळून पाय मारत राहिली. सदरा आधी खांद्यांवर ओला झाला, मग पाठीवर. चिखलातल्या चपलांची गोष्ट सुरू झाली आणि मध्येच थांबली. एक खांब गेला, दुसरा गेला.

“दिसतोय ना नकाशा?” तिने मागे न बघता विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. “धुरकटलाय.”

मागून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला.

“चारला अवघड लिहितो,” तो म्हणाला.

“लिहा.”

आता त्याने जोर लावला आहे का, हे कळायला तिने क्षणभर पाय सैल सोडले असते तरी पुरलं असतं. तिने एक गिअर हलका केला आणि पाय मारत राहिली.