दुसरा कारभारी

राजाबाईने भिंतीवरच्या नेटच्या काळ्या डबीची पिन उपसली, पदराने पुसली, तिच्यावर फुंकर मारली आणि परत खोचली. हिरवे दिवे एकामागोमाग एक लागले.

"आलं का गं?" जिन्याच्या तोंडाशी जाऊन तिने वर हाक दिली.

"नाही, काकू!" वरून ज्ञानदाचा आवाज आला, रडायच्या बेतात असलेला.

दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. अकराला वरच्या खोलीतल्या भाडेकरू ज्ञानदाची मुलाखत. तीन महिने नोकरीविना काढल्यावर ही शेवटची फेरी, तीही लॅपटॉपवर, समोर तीन साहेब. मागे टेकडी असल्यामुळे चांदे गावाच्या या कोपऱ्यात मोबाइलची रेंज गच्चीवर चढूनही एखादीच कांडी दाखवायची. म्हणून कालच पोरगी भूगावला मैत्रिणीकडे निघाली होती. पायरीवरून तिला परत फिरवलं ते राजाबाईनेच. "माझ्या घरचं नेट जात न्हाई. लिनक्सवाली डबी हाय आमची. हितंच दे मुलाखत."

आता शब्द गळ्याशी आला होता.

तीन नंबरच्या खोलीतला निरंजन जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. डबी त्यानेच आणून, त्यानेच बसवलेली. आठ खोल्यांना नेट तिच्यातून जायचं, आणि राजाबाईच्या हुकुमाने रात्री दहाला, भाडेकरू सोडून, फक्त घरच्या माणसांचं नेट तीच बंद करायची. नातू साहिल मोबाइलात डोळे घालून बसतो म्हणून.

"बाहेरून येणारी लाइन चालू आहे, काकू. डबीपण ठणठणीत आहे. माझ्याकडं सगळं उघडतंय."

"तुझं उघडतंय आन् तिचं न्हाई? डबी काय तोंड बघून वाढती व्हय?"

निरंजनला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. राजाबाई मात्र बोलून थांबणारी नव्हती. साडी गुडघ्याशी उचलून तिने आठही दारं ठोठावली आणि धापा टाकत खाली आली.

"दोन आन् सहा चालू. चार, पाच, सात बंद. वरच्या खोलीतल्या शैलेशचा मोबाइल चालतोय, लॅपटॉप न्हाई. एकाच खोलीत!"

"एकाच खोलीत?" निरंजन ताठ बसला. काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी सरसर वर जाऊ लागल्या. त्याने एका ओळीवर बोट ठेवलं, मग दुसऱ्या. "हे बघा, घरात कुठलंही यंत्र आलं की आधी विचारतं, माझा नंबर काय? डबी त्याला नंबर देते आणि बाहेर जायची वाट दाखवते. ज्ञानदाच्या लॅपटॉपने विचारल्याचं दिसतंय. पण आपल्या डबीचा नंबर त्याने घेतलेलाच नाही."

"मंग तिला नंबरच न्हाई?"

ज्ञानदा लॅपटॉप छातीशी धरून खाली आली होती. अंगात इस्त्रीचा शर्ट, खाली घरातला पायजमा. "नंबर आहे की. हा काय."

राजाबाई दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षरं तिला धुक्यातल्यासारखी दिसायची, आकडे मात्र लख्ख. तिने दोन्ही लॅपटॉप शेजारी ठेवायला लावले आणि दोन्हींवरून बोट फिरवलं.

"तुझ्यात मधी दहा हाय. हिच्यात शून्य."

ती तिथेच उकिडवी बसली. बापाच्या मेंढरांमागे ती पंधरा वर्षं हिंडली होती. वाड्याला, म्हणजे मेंढपाळांच्या तळाला, कारभारी एकच असायचा. तो म्हणेल त्या रानात मेंढरं बसायची. एका साली चुलत्याने आपलंच घोडं पुढं दामटलं, आणि अर्धी मेंढरं त्याच्या मागून उजाड माळावर गेली. दोन दिवस उपाशी.

"निरंजन, नंबर वाटणारा दुसरा कुणीतरी हाय घरात. आन् त्याला बाहेरची वाट ठाऊक न्हाई. जे त्याच्या मागं गेलं ते उपाशी."

निरंजनने मान वर केली. "काकू... अगदी हेच. कोणीतरी दुसरा राउटर लावलाय."

"माझ्या घरात? मला न इचारता?" राजाबाई उठली तशी बांगड्या वाजल्या. "सापडू दे. भर अंगणात सगळ्यांम्होरं खोली खाली करायला लावते का न्हाई बघ!"

दारं उघडी होतीच. शैलेश टूथब्रश तोंडात धरून कठड्यावर वाकला. आणखी दोघं आले.

जिन्याखाली सगळ्या खोल्यांच्या वायरी एका पट्टीत शिरत होत्या. मेंढरावर खूण करावी तसा राजाबाईने प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधला होता.

"एकेक काढत जातो. ज्ञानदा, दरवेळी वायफाय बंद करून चालू कर."

"पिवळा धागा, चार नंबर," राजाबाई म्हणाली. "काढ."

"शून्यच!"

"लाल, पाच."

"शून्य!"

"काळा. सात. अरं हात उचल की, किती वाजल्यात!"

"शून्य, काकू..."

निरंजनने पुढची वायर उपसली. ज्ञानदाने डोळे मिटून घेतले, मग एक उघडला.

"दहा! काकू, दहा आलं! चाललं!"

वरून शिट्टी आली. ज्ञानदा दोन-दोन पायऱ्या चढत गेली, तिची एक चप्पल खालीच राहिली. दहा वाजून एक्कावन्न.

निरंजनच्या हातातल्या वायरीला धागा नव्हता.

"ही कुठल्या..." म्हणत त्याने नजरेने वायरीचा माग काढला. ती भिंतीच्या कडेने जाऊन राजाबाईच्या स्वतःच्या दारात, चौकटीच्या वरून आत शिरत होती. तो एकदम लॅपटॉपमध्ये काहीतरी वाचू लागला.

"तू हितंच थांब," राजाबाई म्हणाली.

वायर हाताने चाचपत ती आत गेली. फळीवरून, देव्हाऱ्यामागून, मागच्या खोलीत. घासून पालथे घातलेले डबे रांगेने होते. तांदळाच्या कणगीमागे जुनी पांढरी डबी मिणमिणत होती, केबलवाल्याने कधीची टाकून दिलेली. शेजारी एक जाड वही. आणि भिंतीला पाठ लावून सोनिया, तिची सून, ओले हात तसेच.

"कशाला?"

"बारावीला बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरलाय, आत्या. शिकवणी मोबाइलवर असती. रातच्याला, दहाला. भांडी झाल्यावर."

"दहाला मी बंद करायला लावलंय."

"म्हणून तर ही लावली. भाडेकरूंच्या पट्टीतनं चालती." आवाज बारीक होता, पण कापत नव्हता.

"जालिंदरला ठाऊक हाय?"

"त्यांनीच वायर ओढली."

राजाबाईने पोराच्या नावाने तोंड उघडलं आणि मिटलं. "कवापासून?"

"दिवाळीपासून. कुणाला तरास न्हाई झाला कदी. आज डबे घासाया काढले, वायर निसटली. परत घातली तवा भोक चुकलं."

राजाबाईने वही उचलली. बारीक, दाटीचं अक्षर, कुठे लाल शाईची रेघ. मजकुरातलं तिला काही लागेना. ती कोपऱ्यातले आकडे बघत पानं उलटत गेली. शेवटचा आकडा एकशे सेहेचाळीस होता. तिने वही जागेवर ठेवली. कड कणगीच्या कडेला लागेपर्यंत सरळ केली.

बाहेर अंगणात सगळे ताटकळत उभे होते.

"सापडला का काकू?" शैलेशने वरूनच विचारलं. "कुणाची खोली खाली करायची?"

"माझी कर," राजाबाई म्हणाली. "मीच लावला व्हता."

शैलेशला हसू फुटलं. आठ वर्षांत राजाबाईच्या तोंडून चूक निघाल्याचं त्या अंगणाने ऐकलं नव्हतं.

"दात काय काढता? आन् हळू बोला, वर पोरीची मुलाखत चालू झाली!" तिने आवाज खाली आणला आणि निरंजनजवळ वाकली. "वायर चुकीच्या भोकात गेलीया. बरोबर कंचं?"

निरंजनने एकदा चौकटीकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे.

"निळं, काकू. ते एकटंच वेगळं असतं."

"मंग हाक दिली की ती लाव परत पट्टीत. मी आत बघते."

ती गेली. दार लोटलं, पण कडी लागली नाही. निरंजन धागा नसलेली वायर हातात धरून कान देऊन बसला. आतून कणगी सरकल्याचा आवाज आला, मग राजाबाईचा, दबका आणि घाईचा:

"ये हितं. मला खाली वाकवत न्हाई. मी कणगी धरते, तूच घाल."