नावं ठेवण्याजोगं जेवण

मानवतच्या मोंढ्यात, म्हणजे कापसाच्या बाजारात, व्यापारी बन्सीधर नानांची खोड सगळ्यांना ठाऊक होती. कापसाची मूठ हातात आली की आधी नाक मुरडायचं. "ओल हाय." मग बोटांनी चाचपायचं. "किडकी कवडी लय हाय. पाल्याची पत्ती बी दिसायली." माल जितका मनात भरलेला, तितकी नावं जास्त. घ्यायचाच नसला की मूठ हळूच गाडीत परत टाकायची, "चांगला हाय" म्हणायचं आणि पुढच्या गाडीकडे चालू पडायचं. जुने शेतकरी हे ओळखून होते. नानांनी नावं ठेवली की ते खुशीत येऊन भांडायला उभे राहत, आणि "चांगला हाय" ऐकलं की बिचाऱ्यांचं तोंड उतरे. नावं ऐकून जो मान खाली घाली, त्याचा कापूस मात्र नाना कितीही पांढरा असला तरी घेत नसत. आपल्या मालासाठी ज्याला दोन शब्द भांडवत नाही, त्याच्या मालात काहीतरी काळंबेरं असणारच, हे त्यांचं ठाम मत.

नानांची मुलगी रेणुका हे बघतच मोठी झाली होती. माऊलीला यातलं काही माहीत नव्हतं. माऊली मूळचा बोरीचा. हैदराबादच्या मोठ्या हॉटेलात सात वर्षं काढून तो परभणीला परत आला होता आणि जिंतूर रोडला नव्यानं निघालेल्या 'शिधा' नावाच्या झकपक हॉटेलात मुख्य आचारी झाला होता. रेणुका परभणीतच एका औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट. हात भाजला म्हणून तो मलम न्यायला आला, आणि पुढचे चार महिने दर आठवड्याला त्याचा हात भाजत राहिला. आता दोघांना लग्न करायचं होतं. रेणुकाची आई, कुसुमबाई, केव्हाच राजी झाली होती. नाना म्हणाले होते, "पोरगं काय करतंय ते खाऊन बगू, मग बोलू." एका जेवणावर सगळं येऊन ठेपलं होतं.

माऊलीला आधीच शिकवून ठेवावं, असं रेणुकाच्या मनात दहादा आलं. पण पढवलेला माणूस नानांना वासावरून कळतो. मग सौदा मोडलाच समजायचा.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी एकला तिघं 'शिधा'त जाऊन बसली. तिथं ताट नव्हतं, पंगत नव्हती, काय काय आहे हे सांगणारं कार्डही नव्हतं. आचारी देईल ते नऊ पदार्थ एकामागून एक येणार आणि आपण मुकाट्यानं खायचे, अशी रीत. हॉटेलात जेवायचं म्हणून नाना सकाळपासून उपाशी होते.

माऊली स्वतःच वाढायला आला. पांढरा डगला, कडक इस्त्री, केस मानेपर्यंत. त्यानं प्रत्येकासमोर एकेक काळा दगड ठेवला. दगडावर अंबाडीचं एक तळलेलं पान होतं. एकच.

नानांनी पान उचललं, उजेडात धरून मागून-पुढून बघितलं आणि तोंडात टाकलं.

"तेल राह्यलंय," ते म्हणाले.

रेणुकाच्या जिवात जीव आला. पण माऊली अदबीनं वाकला आणि म्हणाला, "सॉरी काका. पुढच्या वेळी नक्की सुधारणा करू."

दुसऱ्या खेपेला ताकातल्या कण्या आल्या. मोठ्या बशीच्या मधोमध दोन चमचे. "कण्या जाड भरडल्यात," नाना म्हणाले. जाड भरडलेल्या कण्या हा नानांचा जीव की प्राण. घरी बारीक झाल्या तर ते ताट सरकवतात. माऊली पुन्हा वाकला. "बरोबर आहे तुमचं, काका." तिसऱ्या खेपेला तुरीच्या सोल्यांची आमटी, बाहुलीच्या खेळातल्या असाव्यात तेवढ्या वाट्यांमध्ये. "लसूण जळालाय." लसूण जळाला नव्हता. शेजारच्या टेबलावरच्या माणसालाही वासावरून ते कळलं असतं. "माफ करा काका," माऊली म्हणाला, "माझ्याकडून चूक झाली."

कुसुमबाईंनी कपाळाला हात लावला.

चौथा पदार्थ करडईच्या भाजीचा. नानांनी शांतपणे खाल्ला, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "चांगला हाय."

माऊलीचा चेहरा फुलला. रेणुकानं आईकडे बघितलं. शेंगदाण्याच्या म्हाद्याचा, म्हणजे घट्ट आमटीचा, पाचवा पदार्थ आला, त्यालाही नाना "चांगला हाय" म्हणाले आणि खिडकीबाहेर आपली जीप कुठं लावली आहे ते बघू लागले. आता उशीर करून चालणार नव्हतं. हात धुण्याच्या निमित्तानं रेणुका उठली आणि मुदपाकखान्याच्या दारात त्याला गाठलं.

"माऊली, तू कामून माफी मागायलास सारखी?"

"मग काय करू? आता तर आवडायलंय त्यांना. दोनदा चांगलं म्हणले."

"आवडंना झालंय म्हणून म्हणले. जरा भांड की त्यांच्यासंगं!"

"येड लागलं का तुला? गिऱ्हाईकाला उलट बोलायचं न्हाई, सात वर्षं हेच शिकलोय. आन् तू म्हणतीस सासऱ्याला बोल?"

ती परत येऊन बसली. समोरची बशी तिनं बाजूला सारली. स्वतःचाच राग आला, माऊलीचा आला आणि सगळ्यात जास्त नानांचा आला. माणूस म्हणजे काय कापसाची गाडी आहे?

सहाव्या खेपेला हुरडा आला. काचेचं झाकण उचललं तसा आतला धूर निघून गेला आणि खाली मूठभर हिरवे दाणे राहिले. नानांनी चार दाणे तळहातावर घेतले. मोंढ्यातही एखाद्या मालात जीव अडकलाच असला तर निघून जाण्याआधी ते एक शेवटचं नाव ठेवत आणि तेही मुद्दाम खोटं, समोरचा भांडतो का ते बघायला.

"कालचा हाय हुरडा," नाना म्हणाले.

माऊली वाकला नाही.

"आजचा हाय," तो म्हणाला.

"कालचा दिसायलाय."

"काका, सकाळी सहाला बोरीच्या रानात मी सोता कणसं खुडलीत. हातपाय गारठले होते. मायनं आगटीवर भाजून दिला, गरम फडक्यात बांधून मोटारसायकलवर आणलाय." हैदराबादची सात वर्षं कुठल्या कुठं गेली होती. "तुमाला कापसातलं कळत आसंल. हुरड्यातलं काय बी कळत न्हाई. आन् लसूण बी जळाला नव्हता. खायचं आसंल तर खावा, न्हाई तर उचलतो मी."

आणि त्यानं खरोखरच बशीला हात घातला. हॉटेलातले वाढपी जागच्या जागी थिजले. नानांनी बशीचं दुसरं टोक धरलं.

"बसा," नाना म्हणाले.

"कामावर हाव मी."

"बसा म्हणलं ना. धूर जास्त झालाय याला."

"धूर बराबर हाय."

"मीठ?"

"मीठ लागतंय कशाला हुरड्याला?"

पुढचे दोन पदार्थ असेच, भांडता भांडता संपले. रुपयाएवढ्या धपाट्यावरून तर आवाज एवढा चढला की मालक बाहेर आला आणि कुसुमबाईंनी त्याला समजावून परत पाठवलं. नववा पदार्थ म्हणून आलेली भाकरीच्या लाडूची गोळी तोंडात टाकून नाना म्हणाले, "गूळ कमी." माऊली म्हणाला, "तुमच्या वयाला तेवढाच पुरं." रेणुकानं त्या दिवसातला पहिला घास सुखानं खाल्ला.

निघताना माऊली जीपपर्यंत आला. नानांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "केस लय वाढविलेत. उंची कमी हाय. तोंड फटकळ हाय." मग त्याचा हात हातात घेऊन दाबला. "मायबापाला घेऊन या मानवतला. तारीख काढू."

नानांनी वळून रेणुकाकडे बघितलं. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी तिला कधी सरळ चांगलं म्हटलं नव्हतं. दहावीला नव्वद टक्के पडले तेव्हा गणिताचा गेलेला एक मार्क त्यांनी आठ दिवस घोकला होता. तिची पोळी वाकडी, अक्षर किरटं, चालणं धसमुसळं. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही, कारण त्याचा अर्थ तिला ठाऊक होता.

"पोरगी चांगली हाय आमची," नाना माऊलीला म्हणाले. "लय चांगली हाय."

मूठ गाडीत परत टाकताना नाना हेच म्हणत, हे रेणुकाला आठवलं. तिनं त्यांची बाही धरली.

"नाना, आसं नका म्हणू. एखादं तरी नाव ठेवा की."

नानांनी तिच्याकडे नीट, अगदी वेळ घेऊन बघितलं. मग मान हलवली, बाही सोडवून घेतली आणि जीपच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बराच वेळ टायरमधली हवा बघत उभे राहिले.