वीतभर उंची

मित्रांनो, मी कोर्टातला एक जुना लाकडी ठोकळा. उंची वीतभर, अंगात आठ खिळे. आरोपीच्या पिंजऱ्याचा कठडा झाल्यावर सुताराकडे फळ्या उरल्या, त्या ठोकून त्याने मला केले. म्हणजे तो कठडा माझा सख्खा भाऊच.

बरीच वर्षे शिपाईकाका माझ्यावर चढून वरच्या फायली काढत. "साहेब बदलतात, ठोकळा तोच," असे म्हणून ते मला फडक्याने पुसत. मी फुशारून जाई.

मग एक दिवस पिंजऱ्यात चौदा वर्षांची मुलगी आली. तिच्या दाजींनी दुकानाचे कुलूप फोडले, राखणदाराचे डोके फोडले आणि हिला पिशवी धरून बाहेर उभे केले होते. दाजी पळाले, ही सापडली. कठड्यावरून तिचे नुसते डोके दिसत होते. न्यायाधीश साहेबांना ती नीट दिसावी म्हणून, ते यायच्या आत शिपाईकाकांनी मला तिच्या पायांखाली सरकवले. हेतू चांगला होता, त्यानेच घात केला.

सरकारी वकील उठले. "शाळेचा दाखला काय, कुणीही आणतो. पोरगी समोर आहे, साहेब. ही चौदाची दिसते?"

साहेबांनी चष्मा पुसून पाहिले. कठडा तिच्या छातीला लागत होता, मोठ्या माणसाला लागतो तसा.

"साहेब, खाली बघा, ती ठोकळ्यावर उभी आहे," मागून तिची आई म्हणाली.

"मधे बोलायचं नाही. बाहेर काढीन," साहेब म्हणाले.

शिपाईकाका चार पावलांवर होते. त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली.

साहेबांनी शिक्षा सुनावली: सात वर्षे, मोठ्या बायकांच्या तुरुंगात. ती रडली नाही. वाकून तिने हळूच विचारले, "काका, आता उतरू का?"

ती उतरली आणि पुन्हा नुसते डोके दिसू लागले. तोवर साहेबांनी पुढची फाईल उघडली होती.

मला संताप येतो, मित्रांनो. कायद्याच्या पुस्तकांनी तिथली कपाटे वाकली आहेत, पण एवढ्या शहाण्यांत एकालाही खाली वाकून बघता आले नाही.

शिपाईकाका आता माझ्यावर चढत नाहीत, मला पुसतही नाहीत. नका पुसू. मला रंगही नको. मात्र त्या पिंजऱ्यात पुन्हा एखादे मूल आले, तर मला आणू नका. करवत आणा आणि कठडा कापा. माझा सख्खा भाऊ आहे तो, तरी सांगतो.